स्विसएअर: देशाचा मान आणि कोणी न मागितलेला हिशेब

२ ऑक्टोबर २००१ च्या दुपारी झुरिकच्या क्लोटेन विमानतळावर ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की, आर्थिक कारणांमुळे स्विसएअर आपली उड्डाणे करू शकत नाही. विमाने सुस्थितीत होती, वैमानिक हजर होते, प्रवासी सामान घेऊन रांगेत उभे होते. इंधनाला पैसे मात्र नव्हते. तेल पुरवणाऱ्यांनी उधारी बंद करून रोख मागितली होती. त्या दिवशी जगभरच्या विमानतळांवर हजारो प्रवासी, आणि त्यांच्याबरोबर स्विसएअरचे कर्मचारीही, जिथल्या तिथे अडकले. दोन दिवसांनी सरकारने दिलेल्या पैशांवर काही विमाने पुन्हा उडाली, पण ती फक्त आवराआवर होती. १ एप्रिल २००२ रोजी साओ पावलोहून आलेले विमान झुरिकला उतरले आणि ७१ वर्षांची ही कंपनी संपली.

एखाद्या देशाची विमान कंपनी बुडाली की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. सरकारी कारभार होता म्हणून बुडाली, असे एक बाजू म्हणते. बाजाराच्या हवाली केली म्हणून बुडाली, असे दुसरी म्हणते. स्विसएअरला यातले एकही उत्तर लागू पडत नाही, आणि म्हणूनच तिचा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे. ती सरकारी नव्हती. तिला कोणी रातोरात बाजारात ढकललेही नव्हते. ती खासगी भागधारकांची, शिस्तीची, नफ्यातली कंपनी होती आणि तरीही एका दशकात धुळीला मिळाली. कारण, मला दिसते ते असे: देशाचा मान एकदा कंपनीला जोडला गेला की तिला हिशेब विचारणे हे देशाशी वैर केल्यासारखे वाटू लागते. मग ज्यांनी विचारायला हवे ते विचारत नाहीत, आणि शेवटी बिल येते ते ज्यांना काही माहीतच नव्हते त्यांच्या नावावर.

मान मुळात आला कुठून, हे आधी सांगितले पाहिजे, कारण तो खोटा नव्हता. २६ मार्च १९३१ रोजी अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा एरो आणि बाझेलची बालएअर या दोन छोट्या कंपन्या एकत्र येऊन स्विसएअर झाली. उभारणारे दोघे: बाल्त्स झिमरमान आणि वाल्टर मिटेलहोल्झर. मिटेलहोल्झर वैमानिक होताच, शिवाय हवाई छायाचित्रकारही. १९२६-२७ मध्ये तो समुद्री विमानाने झुरिकहून निघून आफ्रिका ओलांडत केपटाउनला पोहोचला होता. त्याने काढलेल्या आल्प्सच्या चित्रांनी स्विस माणसाला आपलाच देश वरून दाखवला. १९३२ मध्ये या चिमुकल्या कंपनीने अमेरिकेतून लॉकहीड ओरायन ही विमाने आणली. ती इतकी वेगवान होती की शेजारच्या बलाढ्य जर्मनीला त्यांच्या तोडीचे विमान बनवायची घाई झाली. १९३४ मध्ये नेली डीनर ही युरोपातली पहिली हवाई सुंदरी स्विसएअरच्या विमानात चढली आणि त्याच वर्षी जुलैत टुटलिंगेनजवळच्या अपघातात गेली.

महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जायचे म्हणून मोठे भांडवल लागले. तेव्हा संघराज्य, कॅन्टन (म्हणजे तिथली राज्ये) आणि इतर सार्वजनिक संस्थांनी मिळून सुमारे ३० टक्के भाग घेतले. उरलेले खासगी हातांतच राहिले. म्हणजे ‘राष्ट्रीय’ हा दर्जा मिळाला, मालकी मात्र बहुतांश खासगी. पुढची चार दशके कंपनीने हा दर्जा कमावून दाखवला. तिची आर्थिक स्थिती इतकी भक्कम होती की तिला ‘उडती बँक’ म्हणत. वेळ पाळणारी विमाने, चोख देखभाल, लाल पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस असलेली शेपटी. चार भाषांच्या, सव्वीस कॅन्टनांच्या त्या देशात सगळ्यांना आपले वाटावे असे फार थोडे आहे, त्यात ही शेपटी होती.

आणि दुःखही होते. ४ सप्टेंबर १९६३ रोजी ड्यूरेनेश येथे स्विसएअरचे कॅराव्हेल विमान कोसळून ८० माणसे गेली. त्यातली ४३ एकट्या हुम्लिकोन या शेतकऱ्यांच्या छोट्याशा गावची होती. गावातली कर्ती माणसे एका सकाळी नाहीशी झाली. १९७० च्या फेब्रुवारीत व्यूरेनलिंगेनजवळ विमानात बॉम्ब फुटून ४७ जण मेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अपहृत स्विसएअर विमान जॉर्डनच्या वाळवंटात उडवून देण्यात आले. अशा प्रसंगांतून कंपनी आणि देश यांच्यात जे नाते तयार झाले त्याची मी थट्टा करणार नाही. ते नाते खरे होते. त्या नात्याच्या आडोशाने पुढे जे झाले, त्याविषयी माझी तक्रार आहे.

आपल्या बाजूचा एक धागाही इथेच सांगून टाकतो. मुंबई हा स्विसएअरच्या पूर्वेकडच्या मार्गावरचा जुना थांबा होता. ऑक्टोबर १९७९ मध्ये अथेन्सला उतरताना धावपट्टी सोडून पुढे गेलेले आणि १४ जणांचा बळी घेणारे तिचे डीसी-८ विमान झुरिक, जिनिव्हा, अथेन्स, मुंबई आणि पेकिंग अशा फेरीवरचे होते. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खर्च वाचवण्यासाठी स्विसएअरने तिकिटांच्या महसुलाचे हिशेब मुंबईत आणले. टाटा कन्सल्टन्सीच्या भागीदारीत त्यासाठी वेगळी कंपनी काढली. परदेशी कंपनीचे कार्यालयीन काम भारतात करण्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी तो एक होता. स्विसएअर गेल्यावर तो व्यवसाय टाटांकडे आला. तिकिटातिकिटाचा हिशेब मुंबईत बिनचूक लागत होता. अब्जावधींचे सौदे झुरिकला होत होते आणि त्यांचा हिशेब कोणी विचारत नव्हते.

ते सौदे समजायला १९९२ मध्ये जावे लागते. ६ डिसेंबर १९९२ रोजी स्विस मतदारांनी युरोपियन आर्थिक क्षेत्रात सामील व्हायला नकार दिला. नकाराच्या बाजूने ५०.३ टक्के मते पडली. केसभर फरक. पण चार आठवड्यांच्या आतच, १ जानेवारी १९९३ पासून, युरोपियन समुदायातल्या विमान कंपन्यांना एकमेकांच्या देशांत जवळपास मोकळेपणी उडायची आणि आपले भाडे आपण ठरवायची मुभा मिळाली. स्विसएअर कुंपणाबाहेर राहिली. प्रत्येक देशाशी जुन्या करारांनुसार घासाघीस करून मार्ग मिळवायचे, आणि प्रतिस्पर्ध्यांनी मात्र हवे तिथून हवे तिथे उडायचे, अशी स्थिती झाली.

मतदारांना दोष देणे सोपे आहे आणि अनेकांनी तो दिला. मला तो मान्य नाही. लोकांनी देशाचा निर्णय घेतला होता, कंपनीचा नव्हे. कंपनीचे काम होते नव्या परिस्थितीत आपला आकार किती ठेवायचा ते ठरवण्याचे. सत्तरेक लाख लोकवस्तीच्या देशाची कंपनी घरच्या प्रवाशांवर मोठी होऊ शकत नाही, हे तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. एक रस्ता होता कोणा मोठ्याशी हातमिळवणी करण्याचा. १९९३ मध्ये नेदरलँड्सची केएलएम, स्कँडिनेव्हियाची एसएएस, ऑस्ट्रियन आणि स्विसएअर अशा चौघांच्या विलीनीकरणाची बोलणी झाली, त्या योजनेचे नाव अल्काझार. अमेरिकेतला भागीदार कोणता, डेल्टा की नॉर्थवेस्ट, यावर ती फिसकटली. स्विसएअरचे नाव त्या मोठ्या कंपनीत विरघळून जाईल, ही भीती देशात उघडपणे बोलली जात होती. दुसरा रस्ता होता लहान राहण्याचा: झुरिक आणि जिनिव्हा, निवडक लांबचे मार्ग, आणि जमिनीवरचे धंदे. हे जमिनीवरचे धंदे अव्वल होते. गेट गूर्मे ही खानपानाची कंपनी, स्विसपोर्ट ही विमानतळ सेवांची, एसआर टेक्निक्स ही देखभालीची. स्विसपोर्ट तर आजही जगातल्या मोठ्या विमानतळ सेवा कंपन्यांपैकी एक आहे, फक्त स्विसएअरची राहिलेली नाही.

दोन्ही रस्ते सोडून तिसरा घेतला गेला. सल्लागार होती मॅकिन्झी ही व्यवस्थापन सल्लागार कंपनी, राबवणारे स्विसएअरचे मुख्य कार्यकारी फिलिप ब्रुगिसर, आणि त्या धोरणाला नाव होते ‘शिकारी’. मोठ्यांच्या पंगतीत बसायचे तर युरोपातल्या मध्यम आणि छोट्या कंपन्यांत भाग विकत घेऊन आपला गट बनवायचा. १९९५ मध्येच बेल्जियमच्या सबेना या राष्ट्रीय कंपनीत ४९.५ टक्के भाग घेतला होता. नंतर जर्मनीची एलटीयू, फ्रान्सच्या एअर लिबर्टे, एओएम आणि एअर लिटोराल, इटलीच्या व्होलारे आणि एअर युरोप, पोलंडची लॉट, शिवाय साउथ आफ्रिकन एअरवेजचा २० टक्के हिस्सा. यातल्या बहुतेक कंपन्या त्यांच्या देशांतही दुबळ्या समजल्या जात. चांगल्या कंपन्या विकायला काढलेल्याच नव्हत्या, हे कोणालाही दिसत होते.

आता यातली मेख. युरोपच्या नियमानुसार युरोपियन विमान कंपनीची बहुसंख्य मालकी युरोपियनांकडेच हवी. स्वित्झर्लंड बाहेरचा, त्यामुळे स्विसएअरला पन्नास टक्क्यांच्या आतच थांबावे लागे. म्हणजे कारभारात पूर्ण अधिकार नाही. पण करारांत मात्र तोटा भरून देण्याची, पुढे आणखी भाग घेण्याची आश्वासने दिलेली. हिस्सा निम्म्याहून कमी, जबाबदारी जवळपास पूर्ण. सबेनाने १९९७ मध्ये एअरबसची ३४ नवी विमाने मागवली, ती तिच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. हा निर्णय स्विस वर्चस्वाखाली झाला, हे बेल्जियममध्ये आजही कोणी विसरलेले नाही. २००० मध्ये तर सबेनातला हिस्सा ८५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले, युरोपशी हवाई करार लागू झाला की लगेच. तो करार लागू झाला १ जून २००२ रोजी. तोवर सबेना नव्हती आणि स्विसएअरही नव्हती.

आणि हे सगळे चालले असताना संचालक मंडळात कोण बसले होते? देशातली सर्वात नामवंत माणसे. क्रेडिट स्विस या बँकेचे प्रमुख लुकास म्यूलेमान होते, जे त्याआधी मॅकिन्झीच्या स्वित्झर्लंड शाखेचे प्रमुख होते. एरिक होनेगर होते, झुरिक कॅन्टनचे माजी अर्थमंत्री आणि एका माजी संघीय मंत्र्याचे चिरंजीव. बँका, उद्योग, राजकारण सगळे एकाच टेबलाभोवती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इतकी जाणती माणसे असल्यावर चूक कशी होईल? मला नेमके उलटे वाटते. धनको, सल्लागार, नियंत्रक आणि मालक एकाच वर्तुळातले असले की प्रश्न विचारायला बाहेरचे कोणी उरतच नाही. स्विसएअरच्या संचालक मंडळावर नेमणूक हा मान होता. मान म्हणून मिळालेल्या खुर्चीवर बसून ‘या एलटीयूच्या तोट्याची हमी आपण किती वर्षे आणि किती रकमेची दिली आहे, तो आकडा मला दाखवा’ असे म्हणायला वेगळ्या प्रकारचा माणूस लागतो. तसा माणूस तिथे बसवण्याची व्यवस्थाच नव्हती.

जानेवारी २००१ मध्ये ब्रुगिसर यांना काढण्यात आले. मार्चमध्ये बहुतेक सगळे संचालक पायउतार झाले आणि नेस्लेचे माजी वित्तप्रमुख मारिओ कॉर्टी यांच्या हाती सुकाणू आले. आधीच्या वर्षाचा तोटा जाहीर झाला: सुमारे २.९ अब्ज फ्रँक. आदल्या वर्षापर्यंत नफ्यात दिसणाऱ्या कंपनीचा. ११ सप्टेंबरचे हल्ले त्यानंतर सहा महिन्यांनी झाले, हे लक्षात ठेवावे, कारण ‘न्यूयॉर्कच्या हल्ल्याने स्विसएअर बुडवली’ हे वाक्य अजूनही सर्रास लिहिले जाते. हल्ल्याने अखेरचा धक्का दिला. भिंती आधीच पोखरलेल्या होत्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी यूबीएस आणि क्रेडिट स्विस या दोन बँकांनी क्रॉसएअर या स्विसएअरच्याच प्रादेशिक कंपनीचे भाग विकत घ्यायचे ठरवले. कामाचे तेवढे नव्या कंपनीत हलवायचे आणि बाकीचे बुडू द्यायचे, अशी योजना होती. पैसे वेळेवर खात्यात पोहोचले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी विमाने थांबली. लोक रस्त्यावर उतरले, बँकांच्या नावाने शंख झाला, अनेकांनी खाती बंद केली. बँकांचे वागणे रुक्ष होते यात शंका नाही. पण मला त्या संतापात एक सोय दिसते. बँकांवर राग काढला की, दहा वर्षे आपण सगळ्यांनी ज्या शेपटीकडे अभिमानाने पाहिले तिच्या मागे काय चालले होते हे विचारायचे राहून जाते.

मग सरकारी तिजोरी उघडली. आधी ४५ कोटी फ्रँकचे तातडीचे कर्ज, नंतर मार्चअखेरपर्यंत विमाने उडती ठेवायला आणखी सुमारे अब्जभर, आणि क्रॉसएअरमधून बनणाऱ्या ‘स्विस’ या नव्या कंपनीत ६० कोटींचे भागभांडवल. संघराज्याचेच दोन अब्ज फ्रँकहून अधिक झाले. कॅन्टनांचे वेगळे. झुरिक कॅन्टनच्या मतदारांनी जानेवारी २००२ मध्ये मतदान करून आपल्या वाट्याला मंजुरी दिली. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, ही नवी कंपनी जर्मनीच्या लुफ्थान्साला गेली. किंमत सगळे धरून ३१ कोटी युरोंच्या आसपास. झेंडा वाचवायला दिलेल्या पैशांनी वाचलेली कंपनी शेवटी शेजाऱ्याच्या मालकीची झाली.

इथे माझ्या विरोधात जाणारा मुद्दा जोरदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. झुरिक आज हवाई दळणवळणाच्या दृष्टीने संपन्न आहे. लांबच्या देशांना थेट विमाने आहेत, ‘स्विस’ चांगला नफा कमावते, हजारो लोकांची पोटे त्यावर चालतात. २००१ मध्ये तिजोरी बंद ठेवली असती तर हे जाळे तुटले असते आणि पुन्हा विणायला कैक वर्षे गेली असती, असे त्या निर्णयाचे समर्थक म्हणतात. यात तथ्य आहे. एकदा मोडलेले हब, म्हणजे विमान बदलून पुढे जाण्याचे केंद्र, सहजी उभे राहत नाही. हंगेरीची मालेव ३ फेब्रुवारी २०१२ रोजी बंद पडली. सरकारने दिलेली मदत बेकायदा ठरवून ती परत घेण्याचा आदेश युरोपियन आयोगाने दिला होता. तिची विमाने तेल अवीव आणि डब्लिनमध्ये थकबाकीपोटी अडवली गेली. बुडापेस्टचे पहिले टर्मिनल त्याच वर्षी बंद करावे लागले, आणि बुडापेस्टमार्गे विमान बदलून पुढे जाणारे प्रवासी गेले.

पण बुडापेस्टचीच पुढची गोष्टही सांगायला हवी. मालेव बंद पडली आणि रायनएअरने काही दिवसांत नवे मार्ग जाहीर केले. हंगेरीत मुख्यालय असलेल्या विझएअरनेही फेऱ्या वाढवल्या. दोन-तीन वर्षांत तिथल्या प्रवाशांची संख्या मालेवच्या काळाहून पुढे गेली. स्वस्त, सरळ, युरोपभर जाणारी विमाने मिळाली. गेले ते पारगमन, आणि गेली ती मालेवच्या कर्मचाऱ्यांची घरे चालवणारी नोकरी. म्हणजे प्रश्न ‘कंपनी वाचवावी की नाही’ असा नसून ‘नक्की काय वाचवायचे आहे’ असा आहे. दळणवळण? नोकऱ्या? की नाव? तिन्हींना वेगळे पैसे लागतात आणि वेगळे उपाय लागतात. २००१ मध्ये बर्नमधल्या स्विस सरकारने या तिन्हींची एकच मोट बांधली आणि एकच मोठा धनादेश लिहिला. स्विसएअरच्या हजारो कर्मचाऱ्यांनी नोकऱ्या त्यानंतरही गमावल्याच.

माल्टासारख्या बेटाची गोष्ट वेगळी, हेही मान्य. तिथे रेल्वे नाही, रस्ता नाही, सिसिलीची बोट सोडली तर विमानच. १९७४ मध्ये उडू लागलेली एअर माल्टा ३० मार्च २०२४ रोजी बंद झाली, कारण आणखी सरकारी मदतीला युरोपियन आयोगाने परवानगी नाकारली. दुसऱ्याच दिवशी केएम माल्टा एअरलाइन्स ही नवी सरकारी कंपनी उडू लागली. बेटाला जगाशी जोडून ठेवणे ही तिथल्या सरकारची जबाबदारीच आहे आणि पाचेक लाख लोकांच्या देशाने त्यासाठी स्वतःची कंपनी ठेवली तर मी हरकत घेणार नाही. स्वित्झर्लंड मात्र युरोपच्या मध्यावर, रेल्वेच्या जाळ्यात बसलेला. तिथे कंपनी हवी होती ती मानासाठी.

स्विस सरकार काही शिकले का? शिकले, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. २०२० मध्ये महासाथीने विमाने थांबली तेव्हा ‘स्विस’ आणि तिची भगिनी एडलवाइस यांना १.५ अब्ज फ्रँकपर्यंतच्या बँक कर्जाची सोय करण्यात आली, त्यातल्या १.२७५ अब्जांची हमी संघराज्याने घेतली. कंपनी जर्मन मालकीची होती, तरी हमी दिली. पण अटी घातल्या: हा पैसा जर्मनीला जाता कामा नये, झुरिकचे हब लुफ्थान्साच्या इतर हबांच्या तुलनेत मागे पाडता कामा नये. कर्ज पूर्ण उचलावे लागलेही नाही आणि २०२२ मध्ये ते मुदतीआधीच फिटले. ज्या देशाने झेंड्यासाठी दोन अब्ज घालवले त्याच देशाने वीस वर्षांनी परक्या मालकीच्या कंपनीशी कोरडा, लेखी व्यवहार केला आणि त्यातून देशाला हवे ते मिळवले. सरकारने विमान वाहतुकीत पैसे घालायचे तर ते असे घालावेत.

आता मला जी गोष्ट सर्वात खुपते तिच्याकडे येतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून जिनिव्हाला जाताना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे गेली. त्यानंतर कॅनडाच्या तपास मंडळाने साडेचार वर्षे काम केले. समुद्रतळावरून विमानाचा सुमारे ९८ टक्के भाग वजनाच्या हिशेबाने वर काढला. पुढचा भाग तुकडा तुकडा जोडून पुन्हा उभा केला. आग कुठे लागली, कशी पसरली, विमानाच्या आतल्या उष्णतारोधक आवरणातले कोणते द्रव्य पेटणारे होते, हे सगळे शोधून जाहीर केले. त्यातून जगभरच्या विमानांतले ते आवरण बदलायला लावले गेले. यात कोणाला तुरुंगात टाकायचे हा हेतू नव्हता. पुन्हा असे होऊ नये, एवढाच होता.

स्विसएअर कंपनी कोसळली तेव्हा तिच्या बाबतीत असे काही झाले का? अवसायक नेमले गेले, त्यांनी लेखापरीक्षकांकडून अहवाल करवून घेतला, धनकोंचे दावे वर्षानुवर्षे चालले. फौजदारी खटला ब्यूलाखच्या न्यायालयात २००७ मध्ये उभा राहिला. एकोणीस आरोपी होते, त्यांत ब्रुगिसर, होनेगर, कॉर्टी, म्यूलेमान सगळे. सर्वच्या सर्व निर्दोष सुटले. न्यायालयाचा निर्णय मी मानतो. गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे नाही. पण फौजदारी न्यायालय एवढेच विचारू शकते: या माणसाने हा गुन्हा केला का? ‘या देशाच्या सर्वात विश्वासू कंपनीत सगळे दिवे हिरवे दिसत असताना आग कुठे लागली’ हा प्रश्न तिथे बसत नाही. विमान वाहतुकीचा धंदा ज्या शिस्तीवर जगला ती शिस्त त्याच धंद्याच्या ताळेबंदाला कधी लावली गेली नाही. पायलटने प्रत्येक उड्डाणाआधी तपासणीची यादी मोठ्याने वाचायची, सहवैमानिकाने प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचे, आणि वरिष्ठाचे चुकते आहे असे वाटले तर कनिष्ठाने तसे सांगायचे. संचालकांच्या खोलीत यातले काहीही बंधनकारक नव्हते.

आपल्याकडे एअर इंडियाची वर्षानुवर्षे जी चर्चा झाली तिच्यात हेच हरवले होते. सरकारने ठेवावी की विकावी, एवढ्यावरच दोन्ही बाजू भांडत राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली आणि चर्चा थांबली. मुंबईत जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली तेव्हा ती खासगी होती, म्हणून ‘बाजाराचा न्याय’ म्हणून सोडून दिले गेले, कर्मचारी थकलेल्या पगारासाठी फिरत राहिले. दोन्ही वेळी मालकी कोणाची हे सगळ्यांनी विचारले. हमी कोणी दिल्या, कोणत्या सौद्यावर कोणी सही केली, धोका पहिल्यांदा कोणत्या कागदावर दिसला, हे संसदेत किंवा विधिमंडळात बसून सविस्तर विचारले गेले असते आणि लोकांसमोर मांडले गेले असते, तर पुढच्या कंपनीला त्याचा उपयोग झाला असता.

आणि पुढची कंपनी म्हणजे काही फक्त मोठी राष्ट्रीय कंपनी नव्हे. ‘उडान’ योजनेत लहान शहरांच्या मार्गांना तूट भरून दिली जाते, त्यातला २० टक्के वाटा राज्याचा असतो. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड ते हैदराबाद हे होते. पुढे ते चालवणारी ट्रूजेट बंद पडली आणि नांदेडकरांची ती सोय गेली. मार्गासाठी पैसे देण्याची ही कल्पना मला योग्य वाटते, कारण ती कंपनीच्या नावासाठी नसून लोकांच्या प्रवासासाठी आहे. पण मग तिचा हिशेबही तसाच हवा. कोणत्या मार्गाला किती रक्कम गेली, किती आसने भरली, कंपनीची आर्थिक प्रकृती कशी आहे, ती थांबली तर दुसरे कोण आणि किती दिवसांत उभे राहील, हे दर सहा महिन्यांनी नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा प्रत्येक विमानतळापुरते मराठीत जाहीर व्हावे आणि त्या त्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी ते सभागृहात मांडावे. पहिल्या विमानाला हिरवा झेंडा दाखवायला जे जातात, त्यांनीच ही माहिती दर सहा महिन्यांनी मागावी.